नवोदय प्रवेश परीक्षा: दोन तासांत ऐंशी प्रश्न कसे सोडवायचे

पाचवीतलं मूल नवोदयच्या (केंद्र सरकारच्या निवासी जवाहर नवोदय विद्यालयाच्या) सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसतं तेव्हा त्याच्यासमोर ८० प्रश्न, १०० गुण आणि २ तास असतात. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. कुठलाही प्रश्न घ्या, त्याला सव्वा गुणच. पाच मिनिटं खाणाऱ्या नफा-तोट्याच्या गणितालाही सव्वा आणि वीस सेकंदांत दिसणाऱ्या वेगळ्या आकृतीलाही सव्वा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षेचं सगळं तंत्र या दोन गोष्टींवर उभं आहे, आणि मुलाला त्याच नीट समजावलेल्या नसतात.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात, त्याही सगळ्या जिल्ह्यासाठी. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसण्याची सोय नाही. यादीच्या तोंडाशी असलेल्या मुलांमध्ये फरक दोन-चार प्रश्नांचा असतो. हे दोन-चार प्रश्न बहुतेक वेळा न येणारे नसतात. येत असलेले पण वेळेअभावी राहून गेलेले, किंवा उत्तरपत्रिकेवर चुकीच्या ओळीत गेलेले असतात. अभ्यासक्रम शिकवण्याबद्दल इथे काही सांगत नाही. जे येतं त्याचे गुण हातातून कसे निसटतात आणि ते कसे धरायचे, एवढंच.

वेळ कशी वाटायची

परीक्षा साधारणपणे साडेअकरा ते दीड. छापील हिशेबाने मानसिक क्षमतेला ६० मिनिटं, अंकगणिताला ३० आणि भाषेला ३०. म्हणजे सरसकट प्रश्नाला दीड मिनिट. पण आकृतीला दीड मिनिट लागत नाही आणि गणिताला दीड मिनिटात भागत नाही. म्हणून छापील वाटणी डोक्यात ठेवू नका. सराव झालेल्या मुलासाठी आम्ही सुचवतो ती वाटणी अशी: मानसिक क्षमता ११:३० ते १२:०५, भाषा १२:०५ ते १२:३०, अंकगणित १२:३० ते १:१५ आणि शेवटची १५ मिनिटं राहिलेल्या प्रश्नांसाठी व तपासणीसाठी.

गणित शेवटी ठेवण्याचं कारण साधं आहे. पाचवीतल्या मुलाला अडलेलं गणित मध्येच सोडून देववत नाही. भागाकार जमत नाही म्हटल्यावर ते पुन्हा मांडतं, पुन्हा खोडतं आणि दहा मिनिटं जातात. गणित मध्ये घेतलं तर ही दहा मिनिटं भाषेतून कापली जातात आणि शेवटचे दोन उतारे न वाचताच राहतात. त्या दोन उताऱ्यांत १० प्रश्न, म्हणजे साडेबारा गुण. गणित शेवटी असेल तर ते स्वतःचीच वेळ खातं. ज्याचं गणित फार पक्कं आहे आणि वाचन संथ आहे त्याने क्रम बदलावा, पण तो निर्णय सराव परीक्षांमध्येच व्हायला हवा, वर्गात बसल्यावर नाही.

प्रत्येक विभागात दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत प्रश्न वाचून रस्ता दिसला तर सोडवायचा. नाही दिसला तर प्रश्नपुस्तिकेत त्या क्रमांकाभोवती गोल करून पुढे जायचं. "दिसला नाही" याची मर्यादा आकृतीसाठी ३० सेकंद आणि गणितासाठी १ मिनिट. विभाग संपला की गोल केलेल्या क्रमांकांकडे परत यायचं. मुलांना प्रश्न सोडून पुढे जाणं अभिमानाला लागतं, विशेषतः वर्गात पहिला नंबर असणाऱ्यांना. ही सवय बोलून होत नाही. घरी सराव घेताना मुद्दाम दोन-तीन अति अवघड प्रश्न मध्ये घाला आणि मूल ते किती पटकन सोडून देतं तेच पाहा. सोडलं तर शाबासकी.

घड्याळ नेता येईल असं गृहीत धरू नका. प्रवेशपत्रावर काय लिहिलंय ते वाचा. वर्गातल्या भिंतीवर घड्याळ असेलच असंही नाही. पर्यवेक्षक मध्ये वेळ सांगतात किंवा घंटा होते, त्यावर हिशेब लावायला शिकवा. एक तास झाला की भाषेचे उतारे संपत आलेले असले पाहिजेत. एवढी एक खूण लक्षात राहिली तरी पुरे.

उत्तरपत्रिका

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून यावर थोडं थांबू.

उत्तरपत्रिका यंत्राने वाचली जाते. यंत्राला चार गोलांपैकी कोणता गोल काळा आहे तेवढंच कळतं. अर्धवट रंगवलेला गोल, टिकमार्क, फुली, गोलाबाहेर गेलेली शाई यांचा अर्थ यंत्र आपल्या सोयीने लावतं. एका प्रश्नाचे दोन गोल रंगवले की गुण गेला. एकदा रंगवलेलं उत्तर बदलता येत नाही. खोडरबर, व्हाइटनर, ब्लेड यांतलं काहीही चालत नाही. म्हणून उत्तर आधी प्रश्नपुस्तिकेत पर्यायावर खूण करून ठरवायचं आणि ठरल्यावरच गोल रंगवायचा. "बहुतेक सी असेल, रंगवून ठेवू, मग बघू" हे इथे चालत नाही.

पेन निळं किंवा काळं बॉलपेन. जेल पेनची शाई ओली राहते, हाताच्या कडेने फासली जाते आणि शेजारचा गोल काळा होतो. अगदी नवं कोरं पेनही नको; दोन-तीन पानं लिहून झालेलं, शाई सरळ उतरणारं पेन घ्या आणि तसंच दुसरं सोबत ठेवा. गोल रंगवताना कडेने एक फेरी मारून मग आत भरलं तर शाई बाहेर जात नाही. एका गोलाला पाचेक सेकंद लागतात. ८० गोलांची ४०० सेकंदं, म्हणजे जवळपास सात मिनिटं. सरावात उत्तरं वहीत लिहिणाऱ्या मुलाने ही सात मिनिटं कधी मोजलेलीच नसतात आणि परीक्षेत शेवटचे पाच-सहा प्रश्न नेमके तिथेच अडकतात.

गोल केव्हा रंगवायचा यावर शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. काही जण पानभर उत्तरं काढून मग एकदम रंगवायला सांगतात. मोठ्या मुलांना ते जमतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने प्रश्न सुटला की लगेच रंगवावा, असं आमचं स्पष्ट मत. साठवून ठेवलेले गोल शेवटच्या घाईत राहून जातात आणि एकदम रंगवताना ओळ घसरली तर सगळा गठ्ठाच चुकतो.

ओळ घसरण्याची खास जागा म्हणजे सोडलेला प्रश्न. मूल २३ सोडून २४ सोडवतं आणि उत्तर २३ च्या ओळीत रंगवतं. तिथून पुढे सगळं एकेक घर वर सरकतं. हे टाळायला गोल रंगवण्याआधी डाव्या हाताचं बोट त्या ओळीच्या क्रमांकावर ठेवायचं आणि क्रमांक मनातल्या मनात म्हणायचा: "चोवीस, बी." प्रत्येक वेळी. वर सांगितलेल्या क्रमाने मूल ४० नंतर थेट ६१ वर उडी मारणार, म्हणजे उत्तरपत्रिकेवर ४१ ते ६० या वीस ओळी कोऱ्या राहणार. ही उडी सरावात डझनभर वेळा मारून घेतलेली असली पाहिजे. मानसिक क्षमतेत प्रत्येक भागात चार-चार प्रश्न असतात, त्यामुळे ४, ८, १२, १६ अशा क्रमांकांवर पुस्तिका आणि उत्तरपत्रिका जुळतात का ते एका नजरेत पाहता येतं. घसरण झालीच असेल तर चार प्रश्नांच्या आत पकडली जाते.

पेपर हातात आल्यावर सोडवायला घेण्याआधी प्रवेशपत्रावरून रोल नंबर अंक-अंक पाहून उतरवायचा, पाठ आहे म्हणून आठवणीने लिहायचा नाही. प्रश्नपुस्तिकेवरचा क्रमांक सांगितल्या जागी लिहायचा. पुस्तिका अर्जात निवडलेल्या भाषेचीच आहे ना, पानं सगळी आहेत ना, छपाई पुसट नाही ना, हे पाहायचं आणि काही वेगळं वाटलं तर लगेच हात वर करायचा. लाजून गप्प बसणारी मुलं इथे अडकतात. सराव परीक्षेत एकदा तरी मुद्दाम पान गायब असलेली किंवा चुकीच्या भाषेची पत्रिका द्या आणि मूल काय करतं ते बघा.

आकृत्यांचे चाळीस प्रश्न

दहा भाग, प्रत्येकी चार प्रश्न. अर्धे गुण इथे आहेत आणि शाळेत हे फारसं शिकवलं जात नाही, त्यामुळे सरावाचा फायदा सगळ्यात जास्त इथेच दिसतो.

वेगळी आकृती ओळखताना नजर भिरभिरू द्यायची नाही. ठरलेल्या क्रमाने पाहायचं: रेषा किती, आकृती बंद की उघडी, आतले ठिपके किंवा छायांकित भाग किती, आणि शेवटी फिरण्याची दिशा. पहिल्या तीन गोष्टी सारख्या निघाल्या तर समजायचं की तीन आकृत्या नुसत्या फिरवलेल्या आहेत आणि चौथी उलटवलेली आहे. ती शोधायला एका ठळक खुणेपासून, उदाहरणार्थ बाणाच्या टोकापासून, घड्याळाच्या दिशेने निघायचं आणि पुढे काय भेटतं ते पाहायचं. तिघांत बाणानंतर ठिपका येत असेल आणि एकात चौकोन, तर तीच वेगळी.

तंतोतंत जुळणारी आकृती शोधताना पूर्ण आकृती एकदम ताडून पाहण्यात वेळ जातो. एकच कोपरा घ्या आणि चारही पर्यायांत तोच कोपरा पाहा. जुळत नाही त्यावर फुली. मग दुसरा कोपरा. दोन कोपऱ्यांत बहुधा एकच पर्याय उरतो. नमुना पूर्ण करण्याच्या प्रश्नात रिकाम्या चौकटीच्या कडांवर येऊन थांबणाऱ्या रेषा मोजायच्या. उजव्या कडेवर दोन रेषा येत असतील तर बरोबर पर्यायाच्या त्या कडेवरूनही त्याच उंचीवर दोन रेषा निघायला हव्यात. आतली नक्षी नंतर.

मालिका आणि सहसंबंध या दोन्हींत एका वेळी एकच घटक बघायचा. बाण कसा फिरतोय ते पूर्ण ठरवा (४५ अंश की ९०, घड्याळाच्या दिशेने की उलट), पर्यायांतले चुकीचे कापा, मग ठिपक्याकडे या. बाण, ठिपका आणि छटा एकदम पाहणारं मूल प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करत राहतं.

भौमितिक आकृती पूर्ण करण्याच्या प्रश्नात त्रिकोण, चौरस किंवा वर्तुळाचा एक तुकडा दिलेला असतो. अख्खी आकृती कोणती होणार ते तुकड्याच्या बाहेरच्या, सरळ किंवा गोल कडेवरून ठरवायचं. मग कापलेली कड बघायची: दिलेल्या तुकड्याला जिथे खाच आहे तिथे उत्तराला तेवढंच टोक हवं. फसवे पर्याय हमखास याच टोकाची जागा थोडी सरकवून केलेले असतात.

आरशातल्या प्रतिमेत आधी आरसा कुठे आहे ते पाहा. आरसा उभा असेल तर डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. आडवा असेल तर उलट. उभ्या आरशात इंग्रजीतली ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय ही अकरा मोठी अक्षरं बदलत नाहीत. शब्दातली त्यांची जागा मात्र उलट होते, हे मुलं विसरतात. घड्याळाची आरशातली वेळ काढायला दिलेली वेळ ११ वाजून ६० मिनिटांतून वजा करायची. ४:२० ची प्रतिमा ७:४० दिसते. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतही ही युक्ती उपयोगी पडते.

घडी घालून भोक पाडलेल्या कागदाच्या प्रश्नाला पुस्तकातून शिकवू नका. चौकोनी कागद, पंचिंग मशीन आणि अर्धा तास, बस. मुलाने स्वतः दुमडून, भोक पाडून, उघडण्याआधी भोकं कुठे असतील ते सांगायचं आणि मग उघडून पाहायचं. तीन गोष्टी हाताला कळतात. प्रत्येक घडीला भोकं दुप्पट होतात, म्हणजे दोन घड्यांतून आरपार पाडलेल्या एका भोकाची चार. शेवटची घडी आधी उघडायची. आणि घडीच्या रेषेपासून भोक जेवढं लांब, तेवढंच ते पलीकडेही लांब. घडीच्या रेषेवरच अर्धं भोक पाडलं असेल तर मात्र ते दुप्पट होत नाही, दोन अर्धे मिळून एकच बनतं. पर्यायांत एक तरी नेमका याच चुकीसाठी ठेवलेला असतो.

तुकडे जोडून आकृती करण्याच्या प्रश्नात सगळ्यात मोठा तुकडा आधी बसवायचा. लहान तुकडे कुठेही बसल्यासारखे वाटतात. लपलेल्या आकृतीसाठी तिचा सगळ्यात विचित्र कोन निवडायचा, नेहमीचा काटकोन नाही, आणि तोच पर्यायांत शोधायचा. सापडला की तिथून पेनाची टोपी फिरवत बाह्यरेषा पूर्ण होते का ते पाहायचं. एकही रेषा कमी पडली तर तो पर्याय बाद.

भाषेचे उतारे

चार उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न. मराठी घरातल्या, मराठी शाळेतल्या मुलाला हे सोपे वाटतात आणि म्हणूनच त्यात गुण जातात. आधी पाचही प्रश्न (पर्याय नाही, फक्त प्रश्न) एकदा वाचायचे, मग उतारा एकदा सलग, मग प्रश्न सोडवताना ज्या ओळीत उत्तर आहे ती शोधून तिच्याखाली रेघ. उत्तर उताऱ्यातलंच हवं. उतारा झाडांवर असेल आणि पर्यायांत "झाडांमुळे पाऊस पडतो" असं असेल, पण उताऱ्यात ते कुठेही म्हटलेलं नसेल, तर ते खरं असूनही उत्तर नाही. चुणचुणीत, अवांतर वाचन करणारी मुलं इथे हमखास फसतात.

प्रश्नातल्या "नाही", "चूक", "वगळता" या शब्दांना गोल करायची सवय लावा. "खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही?" या प्रश्नाला घाईत पहिलंच बरोबर विधान निवडलं जातं. समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द विचारला तर पर्यायातला शब्द वाक्यात ठेवून वाक्य वाचून पाहायचं. शीर्षक विचारलं तर एकाच परिच्छेदाला लागू होणारं शीर्षक टाळायचं.

अंकगणितातले सापळे

पर्याय उगाच दिलेले नसतात. पेपर काढणाऱ्याला मूल कुठे चुकेल ते माहीत असतं आणि त्या चुकीचं उत्तर तो पर्यायात ठेवतो. म्हणून "माझं उत्तर पर्यायात आहे" हा बरोबर असल्याचा पुरावा नाही. हे उदाहरण पाहा:

१८ − ६ ÷ ३ × २ + ४ = ?
पर्याय: १२, १८, १०, २१

बरोबर उत्तर १८. सरळ डावीकडून करत गेलं तर १२ येतं. भागाकाराआधी गुणाकार केला तर २१. आणि १० येतं ते "कंचेभागुबेव" (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) हे सूत्र पाठ असलेल्या मुलाला! भागाकार, गुणाकार झाल्यावर १८ − ४ + ४ उरतं; बेरीज आधी म्हणून ते ४ + ४ = ८ करतं आणि १८ मधून ८ वजा करतं. बेरीज आणि वजाबाकी राहिली की डावीकडून जे आधी येईल ते आधी, हे त्या सूत्रासोबतच शिकवायला हवं. नाहीतर सूत्रच घात करतं.

वेळेच्या गणितात हातचा ६० ऐवजी १०० चा घेतला जातो. रात्री १०:४५ ला निघालेली गाडी सकाळी ६:२० ला पोहोचली, तर प्रवास किती? इथे वजाबाकी मांडण्यापेक्षा १०:४५ पासून ६:४५ पर्यंत ८ तास मोजा आणि २५ मिनिटं कमी करा: ७ तास ३५ मिनिटं. मापांत ३ किलो ५० ग्रॅमचे ३५० किंवा ३५०० ग्रॅम होतात. ते ३०५० आहेत. दशांशात ०.३ × ०.३ चं ०.९ होतं, ते ०.०९ आहे.

शाब्दिक गणितात विचारलंय काय त्याखाली रेघ. १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद बागेला तारेचे तीन वेढे द्यायचे, तर तार किती लागेल? परिमिती ४० मीटर आणि वेढे तीन, म्हणून १२० मीटर. पर्यायांत ४० असणार (वेढे विसरलेल्यासाठी), ९६ असणार (क्षेत्रफळ काढलेल्यासाठी) आणि कदाचित २८८ सुद्धा.

पर्यायांवरून उलट जाण्याची युक्ती चांगली आहे, पण तिलाही कुंपण आहे. "६, ८ आणि १२ ने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी ३ उरते अशी लहानात लहान संख्या कोणती?" पर्याय २४, ५१, २७, २१. पर्याय तपासत गेलं तर ५१ चालते, आणि मूल तिथेच थांबतं. पण २७ सुद्धा चालते आणि ती लहान आहे. लसावि २४, अधिक ३, म्हणजे २७. "लहानात लहान" किंवा "मोठ्यात मोठी" असेल तर चारही पर्याय तपासायचे.

मोठ्या गुणाकारात पुन्हा मांडणी करून पडताळा घेण्याऐवजी अंकांची बेरीज वापरा. ४८ × ३७ साठी पर्याय १७६६, १७७६, १७८६, १६७६ आहेत. शेवटचा अंक सगळ्यांचा ६, त्याने काही कळत नाही. ४८ ची अंकबेरीज १२, तिची ३, ३७ ची १०, तिची १, गुणाकार ३. आता पर्याय: १७६६ ची २, १७७६ ची ३, १७८६ ची ४, १६७६ ची २. उत्तर १७७६, पंधरा सेकंदांत. दोन अंकांची अदलाबदल झालेला पर्याय या युक्तीने पकडता येत नाही, कारण बेरीज तीच राहते. म्हणून शेवटचा अंक आणि अंकबेरीज दोन्ही पाहायचे.

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. शाळेत गणित इंग्रजीतून आणि परीक्षेची भाषा अर्जात मराठी भरलेली, असं पुष्कळ ठिकाणी होतं. मुलाला एलसीएम येतो, पण "लसावि" वाचून ते थबकतं. लसावि, मसावि, अंश, छेद, परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ, विभाज्य, मूळ संख्या, सममूल्य अपूर्णांक, शेकडेवारी, असे चाळीसेक शब्द एका कागदावर दोन्ही भाषांत लिहून महिनाभर आधीपासून डोळ्यांसमोर लावा. अर्ज भरायचाच असेल तर भाषा निवडण्याआधी मुलाला दोन्ही भाषांतला एकेक पेपर सोडवायला देऊन पाहा आणि मगच ठरवा.

शेवटची पंधरा मिनिटं

१:१५ ला गणित थांबवायचं, मध्ये असलं तरी. आता पुस्तिकेत गोल केलेले क्रमांक बघायचे आणि ज्यांचे दोन पर्याय आधीच कापलेले आहेत ते आधी घ्यायचे. १:२५ ला राहिलेल्या प्रत्येक ओळीत एक गोल रंगवायचा. चुकीला दंड नाही, त्यामुळे कोरी ओळ ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. आठ प्रश्न अंदाजाने रंगवले तर सरासरीने दोन बरोबर येतात, म्हणजे अडीच गुण. "येत नसेल तर सोडून दे, खोटं लिहू नकोस" असं संस्कारी वळण लावलेल्या मुलांना हे पटत नाही. त्यांना आधीच सांगून ठेवा की इथे अंदाज करणं म्हणजे फसवणूक नाही, नियमात बसणारी गोष्ट आहे.

जी उत्तरं विचार करून काढली आहेत त्यांच्याकडे शंकेने परत जायचं नाही, तशीही ती बदलता येत नाहीत. तपासायचं ते एवढंच: प्रत्येक ओळीत एक आणि एकच गोल काळा आहे का, आणि रोल नंबर बरोबर आहे का.

सराव कसा घ्यायचा

शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला दोन पूर्ण पेपर पुरेत. रोज एक पेपर घेणारे क्लास आहेत. त्यात चुका तपासायला वेळच उरत नाही आणि मूल तीच चूक साठ वेळा पक्की करतं. पेपर शक्यतो साडेअकरालाच, सलग दोन तास, मध्ये पाणी-लघवीला न उठता, झेरॉक्स केलेल्या उत्तरपत्रिकेवर आणि बॉलपेनने. पेन्सिलीने सराव केलेलं मूल परीक्षेत पेन हातात आल्यावर बिचकतं.

तपासताना फक्त गुण मोजू नका. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहा: "न" म्हणजे येतच नव्हतं, "घ" म्हणजे घाईत वाचलं, "ओ" म्हणजे गोल किंवा ओळ चुकली, "वे" म्हणजे वेळ पुरला नाही. चार-पाच पेपरांनंतर कुठलं अक्षर जास्त आहे ते दिसतं आणि पुढचा आठवडा त्यावर घालवायचा. "न" जास्त असतील तर पेपर थांबवून तो भाग शिकवा, आणखी पेपर सोडवून उपयोग नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवं काही नको. केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर तिथे पोहोचायला एसटी किती वाजता आहे ते आधी पाहून ठेवा. परीक्षा हिवाळ्यात येते. पहाटे निघालेल्या मुलाचे हात गारठलेले असतात आणि गोल रंगवताना ते जाणवतं, तेव्हा निदान तासभर आधी पोहोचून ऊन खाऊ द्या. नऊ-साडेनऊला नेहमीचं पोळी-भाजीचं खाणं, वडापाव नको. आत जाण्याआधी लघवीला जाऊन येणं ही सूचना फुटकळ वाटते, पण मध्ये सुट्टी नसते.

दुसऱ्या परीक्षांना हेच लावताना

सैनिक शाळेच्या सहावीच्या परीक्षेत १२५ प्रश्न, १५० मिनिटं आणि ३०० गुण. प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी ३ गुण आहेत आणि बाकीच्यांना २, म्हणून नवोदयचा "गणित शेवटी" हा क्रम तिथे चालवू नका. गणिताची पहिली फेरी आधी, ताज्या डोक्याने. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत (ती २०२५-२६ पर्यंत पाचवीला होती) प्रत्येक पेपर ७५ प्रश्नांचा आणि ९० मिनिटांचा, म्हणजे पुन्हा ७२ सेकंदच, आणि प्रत्येक प्रश्नाला २ गुण. तिथे पहिल्या पेपरात भाषेचे २५ प्रश्न आधी उरकून गणिताच्या ५० प्रश्नांना तासाभराहून जास्त वेळ ठेवणं बरं. दोन्हीकडे चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांचा नियम तोच.

थोरलं भावंड शिष्यवृत्तीच्या वरच्या परीक्षेला (ती २०२५-२६ पर्यंत आठवीला होती) बसत असेल तर मात्र एक फरक त्याला वेगळा सांगावा लागतो. तिथे काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि प्रश्नातच तशी सूचना असते. अशा वेळी दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. "एका ओळीत एकच गोल" ही पक्की केलेली सवय तिथे आड येते, म्हणून त्या मुलाने पेपर हातात आल्यावर असे प्रश्न पाहून त्यांच्या क्रमांकापुढे पुस्तिकेत २ असा आकडा टाकून ठेवावा आणि मग सोडवायला घ्यावं.